‘अब्बा’ या शब्दाविषयी

अब्बा : ‘बाप’ या अर्थाचा अरामी शब्द. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला, तरी त्यात हा शब्द तीनदा मूळ रूपातच राहिला आहे (मार्क १४:३६, रोमकरांस ८:१५, गलतीकरांस ४:६). प्रत्येक वेळी ग्रीक प्रतिशब्द लगेच शेजारी येतो. पुष्कळ प्रवचनांतून ‘अब्बा’ हा तान्ह्या मुलाचा बोबडा बोल म्हणून सांगितला जातो. योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाच्या लेखनामुळे ही समजूत फोफावली. जेम्स बार यांनी १९८८ मध्ये तिचा साधार प्रतिवाद केला. जाणती, मोठी मुलेही वडिलांना हीच हाक मारत. आपल्या ‘आबा’शी नाते जोडण्याचा मोह होतो, पण साम्य केवळ कानाला जाणवणारे. (भाव मात्र जुळतो : मिशा पिकलेला मुलगाही ‘आबा’च म्हणतो.)

पित्याच्या प्रेमाचे चिंतन करणाऱ्याने मार्कमधला प्रसंग विसरू नये. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, पुत्र येशू ‘अब्बा’ म्हणून दुःखाचा प्याला टळावा असे मागतो, आणि तो टळत नाही. हा संदर्भ गाळून फक्त मायेची बाजू घेणे अपुरे ठरते. मायेच्या बाजूचे म्हणाल, तर यशया ६६:१३ मध्ये देवाच्या सांत्वनाला आईचीच उपमा आहे.