तेलावरची गोधडी

घाटकोपरच्या टेकडीवरून रात्री दक्षिणेकडे पाहिलं की माहुलच्या तेलकारखान्यांची ज्योत दिसायची. लहानपणी मला तो आकाशकंदील वाटे. ९ नोव्हेंबर १९८८ रोजी माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आग लागली आणि तीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून ती ज्योत पाहिली की मनात येई, एवढं तेल पेटलं तर विझवायचं कशानं?

नुसत्या पाण्यानं नाही. कढईतलं तेल पेटलं तर त्यावर पाणी ओतू नये, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पाणी तेलापेक्षा जड. ते खाली जातं, उकळतं आणि वाफेसरशी पेटतं तेल बाहेर फेकतं.

यावरचा उपाय निघाला कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू या तेलाच्या शहरात. तिथले एक शिक्षक, अलेक्सांद्र लोरान, यांनी १९०२च्या सुमारास दोन रसायनांची द्रावणं एकत्र करून फेस तयार केला. फेस तेलावर तरंगला. त्यानं हवा तोडली, वाफ कोंडली आणि आग विझली. पेटत्या तेलावर जणू ओली गोधडीच पांघरली.

पुढे जनावरांच्या खुरांपासून, शिंगांपासून केलेला फेस आला. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधनातून फ्लोरिनयुक्त फेस आला. तो तेलावर पातळ पापुद्रा धरत झरझर पसरे. जगभरच्या तेलाच्या टाक्यांनी तोच जवळ केला.

आपल्या मुंबईत माहुल-ट्रॉम्बेचे दोन मोठे कारखाने १९५४-५५ साली सुरू झाले. त्यांचं कच्चं तेल बंदरातल्या जवाहर द्वीपावर, म्हणजे जुन्या बुचर आयलंडवर उतरतं आणि समुद्राखालच्या नळांतून किनाऱ्याला येतं. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी या बेटावरच्या डिझेलच्या एका टाकीवर वीज पडली. आग पुरती विझायला ९ तारीख उजाडली. सुदैवानं जीवितहानी झाली नाही.

जयपूरचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सीतापुऱ्याच्या डेपोत पेट्रोलची गळती सुमारे सव्वा तास चालली होती. मग स्फोट झाला. माणसं गेली आणि टाक्या जळून संपेपर्यंत अकरा दिवस वाट पाहावी लागली. एम. बी. लाल समितीच्या चौकशीतून धडा मिळाला तो असा : लांबून बंद करता येईल अशी झडप हवी, आणि टाकीच्या कडेला आग लागताच ती ओळखून फेस आपोआप सुटायला हवा. माणूस धावत जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

त्याच २००९ साली या गोधडीचा एक धागा विषारी निघाल्याचं जगानं मान्य केलं. फ्लोरिनयुक्त फेसातलं पीएफओएस हे रसायन स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. २०१९ साली त्याचा भाऊबंद पीएफओएही गेला. ही रसायनं मातीत, पाण्यात विरत नाहीत, वर्षानुवर्षं साचत राहतात.

आता फ्लोरिनविरहित फेस आले आहेत. पण जुनं पिंप काढून नवं ठेवलं की काम झालं, असं नाही. नवा फेस पापुद्रा धरत नाही, त्याची चाल वेगळी. त्यामुळे पाण्यात तो मिसळण्याचं प्रमाण, तोट्या, नळ सगळं पुन्हा तपासावं लागतं. जुने नळ धुवावे लागतात. ते धुतलेलं पाणी जाणार कुठे? माहुलची खाडी जवळच आहे. तिथे कोळ्यांची जाळी पडतात, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

म्हणून मंडळी, टाक्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत. फेसाची यंत्रणा शेवटची कधी चालवून पाहिली? आणि त्या दिवशीचं पाणी कुठे सोडलं?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)