कोलवाळपलीकडली मराठी

म्हापशाहून पेडण्याकडे निघाले की कोलवाळचा पूल लागतो. खाली शापोरा नदी. अलीकडे बार्देस, पलीकडे पेडणे. बार्देसातल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनेची पुस्तके रोमी लिपीतल्या कोकणीत असतात. पूल ओलांडला की देवळातली आरती मराठी, सप्ताहाचे भजन मराठी, जत्रेतले नाटक मराठी, लग्नाची पत्रिका मराठी. चुलीपाशी मात्र पेडण्यातही कोकणीच बोलतात. जसजसे तेरेखोल नदीकडे जावे, तसतशी ती मालवणीला जवळ येते. असेच डिचोलीचे. घरात एक भाषा आणि देवळात, कागदावर, शाळेत दुसरी, ही पेडणे-डिचोलीची जुनी रीत आहे. ही दुसरी भाषा इथे कुठून आली आणि इथेच एवढी घट्ट कशी राहिली, हे सांगायचे तर आधी उरलेल्या गोव्याकडे पाहावे लागते.

कारण मराठी मुळात फक्त नदीपलीकडची नव्हती. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या तिन्ही महालांत ती ग्रंथांची भाषा होती. केळशीचा कृष्णदास शामा याने 1526 साली कृष्णचरित्रकथा रचली ती मराठीत, आणि केळशी तेव्हा सासष्टीत होती. पुढे नव्वद वर्षांनी, 1616 साली, राचोलच्या छापखान्यातून इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण बाहेर पडले. रोमी लिपीत छापलेले, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. नवख्रिस्ती लोकांना येशूची कथा सांगायची तर ती पुराणाच्या थाटात आणि पुराणाच्या भाषेतच सांगायला हवी, हे त्या परदेशी पाद्र्याने ओळखले होते. सासष्टीच्या माणसाच्या कानाला मराठी किती सरावलेली होती, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

मग ती तिथून गेली कशी? पोर्तुगीजांनी तिसवाडी 1510 मध्ये जिंकली, बार्देस आणि सासष्टी 1543 मध्ये त्यांच्याकडे आल्या. पुढच्या दशकांत देवळे पाडली गेली, पोथ्या जाळल्या गेल्या, 1560 मध्ये धर्मन्यायासन (इन्क्विझिशन) आले. 1684 च्या फर्मानाने तर लोकांनी स्वतःची भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावे, असा हुकूम सुटला. कोकणी घरात बोलली जात होती, म्हणून ती या फर्मानाला पुरून उरली. मराठी देवळाच्या सभामंडपात आणि पोथीत होती. सभामंडप आणि पोथी गेल्यावर तिला टेकायला जागा राहिली नाही. मराठी पेडण्या-डिचोलीत पसरली असे आपण सहज म्हणतो, पण खरी हकिकत अशी आहे की ती इतर ठिकाणांहून उखडली गेली आणि इथे जागच्या जागी राहिली.

इथे राहिली, कारण हे महाल तेव्हा पोर्तुगीजांचे नव्हतेच. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर लिंग नदीपार नार्व्याला नेले गेले. नार्वे डिचोलीत, आणि डिचोलीवर तेव्हा आदिलशाही होती. त्याच नार्व्यात 1668 साली शिवाजी महाराजांनी सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार आरंभला. शके 1590 चा त्याचा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. संभाजी महाराजांच्या काळात औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयाला आला, तो काही काळ डिचोलीतच मुक्कामाला होता. शेजारच्या फोंडा महालात हडकोळणला संभाजी महाराजांच्या वेळचा 1688 चा शिलालेख सापडला. विषय आहे धान्यावरच्या जकातीचा, भाषा मराठी. व्यापाऱ्याला, कुणब्याला, जकातदाराला, सगळ्यांना कळावा असा हुकूम दगडावर कोरायचा तर तो मराठीत, ही त्या मुलखाची सवय होती. पुढे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात तीच सवय चालू राहिली. देसाई, देशप्रभू, कुळकर्णी यांचे सारे दप्तर मोडीत. वतनाचा वाद मराठीत, शेतसारा मराठीत, मानपानाचे भांडण मराठीत.

याच काळातला आणि याच पट्ट्यातला एक मोठा माणूस म्हणजे संत सोहिरोबानाथ आंबिये. घराणे मूळचे पेडणे महालातल्या पालयेचे, जन्म 1714 साली बांद्याचा. सिद्धान्तसंहिता, अक्षयबोध, महदनुभवेश्वरी हे त्यांचे ग्रंथ मराठीत आहेत. पालये आणि बांदा आज दोन राज्यांत आहेत, तेव्हा एकाच सावंतवाडी संस्थानात होते. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे, हे योग्यच झाले.

डिचोली आणि साखळी 1781 नंतर पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. कोल्हापूरकरांशी चाललेल्या लढाईत मदत मिळावी म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनी 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांना देऊन टाकले. बार्देस आणि पेडणे यांच्या मधली नदी ओलांडायला पोर्तुगीज सत्तेला जवळजवळ अडीचशे वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात ती सत्ताही बदलली होती. धर्मांतराचा जोर ओसरला होता, धर्मन्यायासन अखेरच्या घटका मोजत होते (ते 1812 मध्ये कायमचे बंद झाले). या नव्याने मिळालेल्या महालांतल्या, म्हणजे नव्या काबिजातींतल्या, लोकांचा धर्म आणि रीतिरिवाज यांत हात घालणार नाही, असे सरकारने मान्य केले. देऊळ राहिले, म्हणून कीर्तन राहिले. कीर्तन राहिले, म्हणून मराठी राहिली. पणजीच्या सरकारलाही मराठे सरदारांशी आणि देसायांशी पत्रव्यवहार करायला मोडी जाणणारे दुभाषे पदरी ठेवावे लागत होते. त्या कागदांवर आयुष्य घालवलेले पांडुरंग पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे. त्यांनी बहुतेक लेखन पोर्तुगीजमध्ये केले, पण ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ 1967 मध्ये मराठीत दिला.

शाळेचा हिशेब थोडक्यात आटोपतो. एकोणिसाव्या शतकात गावच्या पंतोजीची पडवीतली शाळा, धुळपाटी, पावकी-निमकी, मोडीचा कित्ता. पुढे शिकायचे तर वाट सावंतवाडीची, बेळगावची नाही तर मुंबईची. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, आणि मराठी शाळा व वाचनालये गोवाभर उभी राहू लागली. पणजीची मुष्टिफंड संस्था त्याआधीच, 1908 मध्ये, घरोघरच्या मूठभर तांदळावर उभी राहिली होती.

पण मराठी इथल्या लोकांच्या अंगी शाळेने मुरवली असे मला वाटत नाही. ते काम दशावताराने केले. पेडण्यात जत्रा म्हटली की रात्री उशिरा दशावताराचा खेळ लागतो, तो उजाडेपर्यंत चालतो. हातात संहिता नाही, पाठ केलेले संवाद नाहीत. पात्रे उभ्या उभ्या बोलतात. गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव आणि पुढच्या आख्यानातले राजे बोलतात ते भारदस्त, पल्लेदार मराठीत. संकासुर आला की तो मालवणीत बोलतो आणि लोक हसून लोळतात. ज्या बाईने शाळेची पायरी कधी चढली नाही, ती राजाचे अर्ध्या तासाचे भाषण ऐकून समजत होती, त्यातले संस्कृत शब्द घरी आणत होती. एकाच रंगमंचावर दोन्ही भाषा, आणि कोणी कोणाला परकी मानत नाही. साखळीजवळ कारापूरच्या विठ्ठलापुरात राणे घराण्याने बसवलेल्या विठ्ठलानेही हेच केले. पंढरपूरचा देव आला, त्याच्यामागून अभंग आले, आणि टाळ धरणाऱ्याला ते तोंडपाठ होणे भागच होते.

या मातीतून दोन्ही बाजूंचे पुढारी निघाले, आणि ते मला फार अर्थपूर्ण वाटते. कोकणीचे अध्वर्यू वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, यांचा जन्म 1877 साली डिचोलीचा. मराठीच्या आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने पक्ष उभा करणारे भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म 1911 साली पेडण्याचा. बांदोडकरांचे सरकार 1963 मध्ये आले आणि जिथे शाळा नव्हती तिथे सरकारी प्राथमिक शाळा निघू लागल्या, बहुतेक मराठी माध्यमाच्या. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाला 1,38,170 मते पडली, वेगळे राहण्याला 1,72,191. पेडणे आणि डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे होता. जुन्या काबिजातींचा (तिसवाडी, बार्देस, सासष्टी), विशेषतः सासष्टीचा, ठामपणे उलट. अठराव्या शतकातली हद्द मतपेटीत पुन्हा दिसली. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली.

त्यानंतरचे जनगणनेचे आकडे पाहावेत. गोव्यात मातृभाषा मराठी सांगणारे 1991 मध्ये सुमारे 33 टक्के, 2001 मध्ये सुमारे 23 टक्के, 2011 मध्ये सुमारे 11 टक्के. वीस वर्षांत एखाद्या प्रदेशाची घरची बोली अशी बदलत नाही. पेडण्यातल्या माणसाने पूर्वी मातृभाषा म्हणून देवळातली आणि शाळेतली भाषा सांगितली, आता तो चुलीपाशी बोलतो ती सांगतो. मला यात मराठीचा पराभव दिसत नाही. जे होते ते नीट नोंदले जाऊ लागले आहे. काळजीची गोष्ट वेगळी आहे. मराठी इथे पहिल्यापासून लिहिण्या-वाचण्याच्या बळावर जगली. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांचे वर्ग आता ओस पडत आहेत, मुले इंग्रजीकडे जात आहेत. चुलीचा आधार असलेली कोकणी त्यातूनही तग धरील. मराठीला तो आधार इथे कधीच नव्हता.

म्हणून पेडणे-डिचोलीतल्या जुन्या घरांना आणि देवस्थानांना एक विनंती. माळ्यावर, फडताळात, पेटीत मोडीची बाडे असतील. वतनाची, हिशेबाची, पोथ्यांची, जत्रेच्या मानपानाची. लिपी वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत घालू नका आणि वाळवीला देऊ नका. पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे न्या किंवा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला बोलावून निदान छायाचित्रे काढून ठेवा. घरात तरुण कोणी असेल तर त्याला मोडी शिकायला लावा. काही महिन्यांच्या सरावाने ती वाचता येते.