डाग कोणाचा?

मराठीत ‘डाग’ हा शब्द त्वचेवरच्या चट्ट्यालाही चालतो आणि चारित्र्यावरच्या कलंकालाही. कुष्ठरोगाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. रोग्याच्या मनात घर करणाऱ्या लाजेचा इतिहास लिहायचा तर या दुहेरी अर्थापासूनच आरंभ करावा लागेल, असे आम्हांस वाटते.

जालना १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. जालन्यावरून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, निजामाबादच्या पुढे, डिचपल्ली लागते. तेथे १९१५च्या सुमारास डॉ. इझाबेल कर यांनी मेथडिस्ट मिशनतर्फे कुष्ठरुग्णालय उभारले. त्या काळचा मुख्य उपचार म्हणजे कडूकवठीच्या जातीतल्या बियांचे तेल टोचणे. तो वेदनादायक होता आणि गुण येईलच याची शाश्वती नव्हती. शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात तर १८९८च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला वॉरंटाशिवाय पकडण्याची मुभा पोलिसांना दिली होती. औषध अपुरे होते, शिक्षा मात्र पुरेपूर होती.

जालन्याच्या पूर्वेस वऱ्हाड ओलांडले की वर्धा. तेथे दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. १९३९मध्ये संस्कृत पंडित परचुरेशास्त्री सेवाग्रामात आले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी असलेल्या या विद्वानाला कुष्ठरोगाने एकाकी केले होते. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. त्या मालिशीचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. परचुरेशास्त्री आश्रमात संस्कृत शिकवीत, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. आमच्या मते अधिक महत्त्वाची तीच. मालिश करून घेणारा रुग्ण असतो. शिकवणारा शास्त्रीच असतो. रोगाने हिरावलेली ओळख त्यांना अध्यापनात परत मिळाली.

बाबा आमटे यांच्या कथेतही मर्म निराळेच आहे. स्वतःला निर्भय समजणारा हा तरुण रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीरामला पाहून पळाला. हे भय रोग्याचे नव्हते, निरोग्याचे होते. पुढे वरोऱ्याजवळ उभ्या राहिलेल्या आनंदवनात रुग्णांनी विहिरी खणल्या, शेती पिकवली. दान नव्हे, काम, हा तेथला आग्रह होता. ज्याच्या श्रमाची इतरांना गरज आहे, त्याला आपण ओझे आहोत असे सहसा वाटत नाही.

१९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात राहिले, ते २०१९पर्यंत. १८९८चा कायदाही २०१६ साली रद्द झाला. शरीराला मुक्ती मिळाल्यावरही कायद्याला डाग पुसायला इतकी वर्षे लागली. मग गावाला, घराला किती लागावीत?

आज जालन्यातल्या एखाद्या घरी मुलीच्या हातावर कोड दिसले की स्थळांची चिंता आधी सुरू होते. कोड संसर्गजन्य नाही, सोरायसिसही नाही. तरी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टाळलेली लग्नकार्ये यांमागे तेच जुने भय उभे असते. अशा रुग्णाला मलम हवेच. पण त्याबरोबरच, तो पूर्वी घरात जे काम करीत होता, ज्या पंगतीत बसत होता, ते काम आणि ती जागा त्याच्याकडे राहू देणे आपल्या हाती आहे.