कराल दात: ‘असाध्य’ रोगाची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात कुंभकोणमपासून करू. कावेरीकाठचं हे गाव तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. त्या काळात दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही या भागात राहतात. सर टी. माधवराव याच कुंभकोणमचे, जन्म १८२८ चा.

आता प्रश्न असा, की या गावाचा मुलांच्या वेड्यावाकड्या दातांशी काय संबंध? संबंध आहे तो तंजावरच्या वैद्यकपरंपरेतून. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे देशी आणि युरोपीय अशा दोन्ही पद्धतींचा अभ्यास चाले. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी रंगीत चित्रांसह ठेवलेल्या आहेत, त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. रोग नोंदवायचा, उपचार करायचा आणि परिणाम लिहून ठेवायचा, ही शिस्त आपल्या विषयात फार उशिरा आली. म्हणून ती आधी सांगितली.

आपल्या जुन्या वैद्यकाला वाकडे दात माहीत होते. ‘माधवनिदान’ या ग्रंथात ‘कराल’ नावाचा दंतरोग सांगितला आहे. वायूमुळे दात हळूहळू वेडेवाकडे होतात, आणि हा रोग बरा होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे वाकडे दात ओळखले होते, पण असाध्य म्हणून सोडून दिले होते.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस याने मात्र एक साधा उपाय लिहिला. मुलाचा दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात आला, तर जुना काढावा आणि नवा रोज बोटाने ढकलत जागेवर आणावा. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने धातूच्या पट्टीला दात दोऱ्याने बांधून सरळ करण्याची रीत छापली. दात हाडात घट्ट रोवलेला दिसतो खरा, पण हलका आणि सततचा दाब दिला तर एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो.

यापुढची गोष्ट जबड्याची. १८६० साली अमेरिकेत एमर्सन एंजेल याने एका चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूवर स्क्रू बसवला. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दातांमध्ये फट पडली, म्हणजे वरच्या जबड्याचे दोन भाग मधल्या सांध्यात वेगळे झाले. अनेकांना ते पटलं नाही. १९६१ मध्ये अँड्र्यू हास याने ही रीत पुन्हा पुढे आणली. हा सांधा लहानपणी सैल असतो आणि वयात आल्यावर घट्ट होत जातो. लवकर उपचाराचा सगळ्यात भक्कम आधार हाच.

भारतात १९२० साली रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात पहिलं दंतमहाविद्यालय काढलं. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, आणि १९६५ साली दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची भारतीय संघटना उभी राहिली. ‘असाध्य’ म्हटलेला रोग आता शिकवला जाऊ लागला.

पण मग दुसरं टोक आलं. मूल आठ वर्षांचं असतानाच तार लावा, नाहीतर उशीर होईल, असं आईवडिलांना सांगितलं जाऊ लागलं. हे कितपत खरं? पुढे आलेल्या दातांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१३ साली कॉक्रेनने आढावा घेतला. लहानपणी एकदा आणि मोठेपणी पुन्हा अशा दोन टप्प्यांत उपचार केलेल्या मुलांचे पुढचे दात पडून-आपटून दुखावण्याचं प्रमाण कमी होतं. बाकी शेवटचा निकाल पौगंडावस्थेत एकदाच उपचार केलेल्या मुलांसारखाच होता. म्हणजे प्रत्येक मुलाला दोनदा खर्च आणि दोनदा त्रास देण्याचं कारण नाही.

मग करायचं काय? सातव्या वर्षाच्या आसपास एकदा तपासणी करून घ्या. अमेरिकन तज्ज्ञांची संघटनाही हेच वय सांगते. तेव्हा कायमच्या पहिल्या दाढा आलेल्या असतात आणि तोंडात दुधाचे व कायमचे, दोन्ही दात असतात. वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील, अंगठा चोखण्याची सवय सुटत नसेल, दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली असेल, किंवा पुढचे दात फार बाहेर असतील, तर थांबू नका. नुसते थोडे वाकडे दात असतील, तर बहुतेक वेळा थांबता येतं. तपासणी लवकर करायची, पण उपचार लवकर करायचेच असं नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा: आत्ता नाही केलं, तर नेमकं काय बिघडेल? या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मिळालं, की निर्णय घ्या.