वहीपूजन आणि अकोल्याचा करार

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास होता. मी वर्गात अकोला कराराची हकीकत सांगत होतो. मागल्या बाकावरून एका पोराने विचारले, "गुरुजी, करार मोडला तं कोन रागावते?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. त्या पोराने इतिहासाच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले होते.

वऱ्हाडाला करार नवे नाहीत. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. १९०२ साली इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला. दोन्ही वेळा वऱ्हाडी माणसाला कोणी पुसले नाही. बैल विकताना बैलाला कोण विचारतो?

८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात निराळे घडले. स्वातंत्र्य आठवड्यावर आले होते. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ प्रभृती मंडळी आणि इकडचे पुढारी एकत्र बसले. मराठी मुलखाचा एक प्रांत व्हावा, पण त्यात महाविदर्भाचा वेगळा उपप्रांत आणि वेगळे विधिमंडळ असावे, असे ठरले. ते कागदावरच राहिले. मग २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आला. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदींच्या सह्या होत्या. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व्हावा आणि त्याचा अहवाल दरसाल विधानसभेपुढे यावा, असे त्यात नमूद झाले.

१९५६ साली हे तत्त्व घटनेच्या ३७१ व्या कलमात शिरले. विदर्भासाठी स्वतंत्र विकास मंडळ नेमावे आणि त्याच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, अशी तरतूद झाली. पण मंडळ स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले! अडतीस वर्षांत बापाने पेरलेल्या आंब्याची फळे नातू खातो.

दरम्यान वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष मोजला. राज्याच्या सरासरीपेक्षा जो भाग जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपयांत विदर्भाचे १,२४६ कोटी निघाले. २००१ सालापासून राज्यपाल निधिवाटपाचे निर्देश देऊ लागले; तरी अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांतील सिंचनाचा अनुशेष पुढेही रेंगाळतच राहिला. शेवटी अमरावतीचे प्राध्यापक बी. टी. देशमुख आदी मंडळी न्यायालयात गेली आणि २००८ साली नागपूर खंडपीठाने राज्यपालांचे निर्देश सरकारवर बंधनकारक ठरविले. पोराच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

ही अडचण एकट्या वऱ्हाडाची नव्हे. युरोपात स्ट्रासबर्ग येथे मानवी हक्कांचे न्यायालय आहे. त्याच्यापाशी ना शिपाई ना तुरुंग. म्हणून निकालाची अंमलबजावणी पाहण्याचे काम सदस्य देशांच्या मंत्रिसमितीकडे सोपविलेले आहे. निकाल पाळला जाईपर्यंत ते प्रकरण समितीच्या कामकाजातून निघत नाही. अझरबैजानातील एका विरोधी नेत्याची अटक या न्यायालयाने २०१४ साली बेकायदा ठरविली, तरी तो सुटला २०१८ साली. सरकार ऐकेना, तेव्हा समितीने २०१७ साली ते प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे नेले होते. उशीर झाला खरा, पण विसर पडला नाही.

आमच्याकडे भीती विसराचीच. विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि त्या वेळी ती वाढविली गेली नाही. मंडळे पुन्हा स्थापन करावीत असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो २०२२ साली.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या सांजेला आमचा कापसाचा व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. पण त्याआधी जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढून घेतो. ती ओढली नाही तर धंदा बुडतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. करार मोडला तर रागावणारा असा कोणी वरून येत नाही. दरसाल बाकी वाचून दाखवणारा मात्र लागतो, आणि ती ऐकायला आपण जागे असावे लागतो.

सुट्टी संपली की त्या पोराला मी एवढेच सांगणार आहे.