घरगुती संगणक आणि काटकसर

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी मराठींत जुनी म्हण आहे. तिचा मथितार्थ एवढाच कीं, मोठ्या कार्याचा खर्च आरंभीं दिसतो तेवढा कधींच नसतो. एक वस्तु घेतली म्हणजे तिच्यामागून दुसरी घ्यावी लागते, आणि दुसरीच्या पाठोपाठ तिसरी दाराशीं येऊन उभी राहते. सामान्य माणसाच्या घरीं संगणक कसा आला हें पाहूं गेलें असतां ह्याच म्हणीची आठवण होते. हा इतिहास जितका शोधांचा आहे तितकाच निवडीचाहि आहे. कोणता भाग घ्यावा, कोणता गाळावा, आणि गाळलेल्या भागाचा भार अखेर कोणी सोसावा, ह्या प्रश्नांच्या उत्तरांतूनच तो घडला.

संगणकाचीं मुख्य अंगें मोजकींच आहेत. आकडेमोड करणारा प्रोसेसर, हातांतलें काम ध्यानांत ठेवणारी मेमरी, कारखान्यांतच कायमच्या सूचना भरून दिलेली दुसरी मेमरी, माहिती साठविण्याचें साधन, आणि माणसाशीं व्यवहार करण्यासाठीं कळफलक व पडदा. १९७४ सालीं इन्टेल कंपनीचा ८०८० हा प्रोसेसर निघाला, तेव्हां त्याच्या सुट्या नगाची किंमत ३६० डॉलर ठेवण्यांत आली होती. परंतु खरी गोम ह्या आंकड्यांत नव्हती. ह्या प्रोसेसरला तीन निरनिराळ्या दाबांची वीज लागे. कामाचा ठेका धरण्यासाठीं एक वेगळी चिप लागे, आणि इतर भागांशीं देवघेव सांभाळण्यासाठीं बहुधा आणखी एक. म्हणजे नवरदेव एकटा येत नसे. वरातीचा खर्चहि त्याच्याबरोबर येई.

ही वरात कमी करण्याचें काम दोन ठिकाणीं झालें. मोटोरोला कंपनी सोडून आलेले चक पेडल आणि त्यांचे सहकारी यांनीं एम.ओ.एस. टेक्नॉलॉजी ह्या लहानशा कंपनींत ६५०२ हा प्रोसेसर सिद्ध केला. ज्यांवांचून अडत नाहीं असे भाग त्यांनीं गाळले, चिपेचा आकार लहान ठेवला, आणि त्यामुळें एकाच चकतींतून अधिक चिपा निघूं लागल्या. सप्टेंबर १९७५ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील वेस्कॉन प्रदर्शनाच्या वेळीं हा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरांस विक्रीला आला. पुढच्याच वर्षीं निघालेल्या ॲपलच्या पहिल्या यंत्रांत स्टीव्ह वॉझ्नियाक यांनीं तोच बसविला. १९७६ सालीं झायलॉग कंपनीचा झेड-८० आला. त्याला एकाच दाबाची वीज पुरे. शिवाय, जी स्वस्त जातीची मेमरी क्षणोक्षणीं उजळावी लागते, नाहीं तर तींतला मजकूर पुसला जातो, ती उजळण्याचीं साधनें ह्या प्रोसेसरच्या पोटांतच होतीं. स्वस्त भाग कोणता, तर जो आपल्यामागें कमींत कमी भाग ओढून आणतो तो, हा धडा येथें प्रथम स्पष्ट झाला.

ह्या धड्याची सर्वांत कठोर कसोटी इंग्लंडमध्यें केंब्रिज येथें लागली. क्लाइव्ह सिंक्लेअर हे खिशांत मावणाऱ्या कॅल्क्युलेटरांमुळें पूर्वींच नांवारूपास आले होते. १९८० च्या आरंभीं त्यांनीं झेडएक्स-८० हें यंत्र बाजारांत आणलें. सुटे भाग घेऊन घरीं जोडल्यास ७९ पौंड ९५ पेन्स, आणि तयार घेतल्यास ९९ पौंड ९५ पेन्स अशी त्याची किंमत होती. प्रोसेसर झेड-८० जातीचा घेतला. पडद्याचें काम घरच्या टेलिव्हिजनवर सोंपविलें, आणि साठवणीचें काम घरच्या कॅसेट-रेकॉर्डरवर. चित्र उमटविण्यासाठीं स्वतंत्र चिप घ्यावी तर शंभर पौंडांची मर्यादा मोडत होती. म्हणून तेंहि काम प्रोसेसरच्याच गळ्यांत घालण्यांत आलें. परिणाम असा झाला कीं, यंत्र हिशेबांत गुंतलें म्हणजे पडदा कोरा होई, आणि कळ दाबतांच चित्र क्षणभर विझे. गृहिणी एकटीच चुलीपाशीं असली म्हणजे ओटीवरच्या पाहुण्याशीं बोलावयास कोणी उरत नाहीं, तसाच हा प्रकार होता.

मार्च १९८१ मध्यें आलेल्या झेडएक्स-८१ ह्या यंत्रानें आणखी मजल मारली. पूर्वींच्या यंत्रांत वीसबावीस चिपा होत्या. त्यांपैकीं बहुतेकींचें काम फेरांटी कंपनीनें बनविलेल्या एकाच चिपेंत सामावलें, आणि एकूण संख्या चारपांचांवर आली. तयार यंत्राची किंमत ६९ पौंड ९५ पेन्स झाली. ही खरी काटकसर. कारण तींत घेणाऱ्याचें कांहींच गेलें नाहीं. परंतु ह्याच यंत्रांत मेमरी मात्र एक किलोबाइटच राहिली. एक किलोबाइट म्हणजे १०२४ अक्षरें. आणि ३२ अक्षरांच्या २४ ओळींनीं पडदा भरला तर त्यांतील पाऊण भाग तेथेंच खर्ची पडे. उरलेल्या जागेंत उपयोगाचें काम फारसें होत नसे. मग यंत्राच्या पाठीशीं खोचावयाची १६ किलोबाइटांची डबी घ्यावी लागे, आणि तिची किंमत आरंभीं ४९ पौंड ९५ पेन्स होती. तीहि खोबणींत सैल बसे. जरा धक्का लागला कीं संबंध तुटे आणि सारी मेहनत पुसली जाई. येथें काटकसरीची कंजुषी झाली. कारखान्यानें वांचविलेलें घेणाऱ्याला भरावें लागलें, पैशानेंहि आणि मनस्तापानेंहि.

२३ एप्रिल १९८२ रोजीं जाहीर झालेलें स्पेक्ट्रम हें यंत्र ह्या चुकांतून शहाणपण शिकलेलें दिसतें. १६ किलोबाइटांचें यंत्र १२५ पौंडांस, आणि ४८ किलोबाइटांचें १७५ पौंडांस. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२, म्हणजे ४९,१५२ ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यावयाचा तर केवळ चित्रासाठीं २४ किलोबाइट मेमरी लागली असती. लहान यंत्राजवळ तेवढी मुळींच नव्हती. म्हणून आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद अशा प्रत्येक चौकटींत दोनच रंग, असा नियम केला, आणि सारें चित्र सात किलोबाइटांच्या आंत बसलें. रंग शेजारच्या आकृतीवर सांडल्यासारखा दिसे, पण रंग मिळाला. मोठ्या यंत्राच्या वाढीव मेमरीसाठीं तर ज्यांचा अर्धा भाग सदोष निघाला होता अशा चिपा स्वस्तांत घेऊन त्यांचा निर्दोष अर्धाच वापरला. किडका भाग कापून उरलेलें फळ पानांत वाढावें, तशी ही युक्ति होती. आणि खाणाराला तींत कांहीं उणें पडलें नाहीं.

त्याच केंब्रिजमध्यें एकॉर्न कंपनीनें निराळा मार्ग धरला होता. ब्रिटिश नभोवाणी संस्थेनें आपल्या संगणक-शिक्षणाच्या कार्यक्रमासाठीं यंत्र निवडलें तें एकॉर्नचें. सिंक्लेअर यांनाहि तें काम हवें होतें. डिसेंबर १९८१ पासून मिळूं लागलेल्या ह्या बी.बी.सी. मायक्रो यंत्रांत ६५०२ होता. मेमरी इतकी चपळ निवडली होती कीं, प्रोसेसर व पडदा यांना ती आळीपाळीनें मिळे आणि कोणाचाहि खोळंबा होत नसे. कळफलक भक्कम, आणि जोडण्या भरपूर. मात्र मोठ्या यंत्राची किंमत ३३५ पौंडांवरून लौकरच ३९९ पौंडांवर गेली. तें अनेक शाळांत पोंचलें. भारतांतहि १९८४-८५ मध्यें सुरू झालेल्या शालेय संगणक-साक्षरतेच्या योजनेंत हींच यंत्रें होतीं.

ह्या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद केंब्रिजच्या जुन्या मंडळींत पुष्कळ रंगला. पण प्रश्न यंत्राच्या श्रेष्ठतेचा नव्हता. तें कोणाच्या घरीं पोंचतें ह्याचा होता. ज्या घरांत ३९९ पौंड जमणें शक्य नव्हतें, तेथल्या मुलापुढें स्पेक्ट्रम आणि बी.बी.सी. अशी निवड नव्हतीच. स्पेक्ट्रम किंवा कांहींच नाहीं, एवढीच होती. सांडलेल्या रंगांच्या त्या पडद्यावर हजारों मुलें संगणकाची भाषा शिकलीं, आणि त्यांतील अनेकांना पुढें तोच चरितार्थाचा व्यवसाय झाला.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजीं रास्पबेरी पाय हें पत्त्याच्या कॅटाएवढें यंत्र विक्रीस आलें, तेंहि केंब्रिजमधूनच. ३५ डॉलरांच्या त्या यंत्राला पडदा पुन्हां घरच्या टेलिव्हिजनचा, आणि त्याच्या दोन प्रकारांचीं ‘ए’ व ‘बी’ हीं नांवें बी.बी.सी. मायक्रोवरूनच घेतलेलीं. घरांत असलेल्या वस्तूला कामास लावावें, एका भागाकडून दोन कामें करून घ्यावींत, सदोषांतलें निर्दोष वेगळें काढावें, ही काटकसर. घेणाराला दुसऱ्या दिवशीं पुन्हां दुकानाची पायरी चढावयास लावावें, ती कंजुषी. बेताच्या पैशांत संगणकाचे भाग निवडणाऱ्या कोणालाहि हा भेद आजहि उपयोगीं पडेल. कारण भागांचीं नांवें बदललीं, तरी वरातीचा खर्च अजून नवरदेवाबरोबरच येतो.