सेटची कुळकथा आणि 1 कोटी 67 लाखांची वेस

1995 साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार उभा केला, तेव्हा त्यात सेट, म्हणजे प्रत्येक घटक एकदाच ठेवणारा संग्रह, नव्हता. पुढची वीस वर्षं लोकांनी साध्या ऑब्जेक्टवरच भागवलं. मजकुरातला प्रत्येक शब्द की म्हणून ठेवायचा, किंमत ट्रू. पुढचा शब्द आला की बघायचं, हा आधी येऊन गेलाय का. वरवर सगळं ठीक. पण मजकुरात ‘कन्स्ट्रक्टर’ हा इंग्रजी शब्द आला की अगदी रिकामा ऑब्जेक्टही बेधडक ‘आहे’ म्हणायचा, कारण ते नाव त्याला वारशानेच मिळालेलं. शिवाय की ही शेवटी स्ट्रिंगच, त्यामुळे आकडा 7 आणि स्ट्रिंग ‘7’ एकाच खात्यात पडायचे. भाषेच्या 2009च्या पाचव्या आवृत्तीने बिनवारशाचा ऑब्जेक्ट दिला. आकड्यांचं दुखणं मात्र तसंच राहिलं.

जून 2015मध्ये भाषेला हक्काचा सेट मिळाला, तो एक अट घेऊन: घटक ज्या क्रमाने आत गेले त्याच क्रमाने परत मिळाले पाहिजेत. सेट ज्यावर उभा असतो त्या हॅश टेबलचा स्वभावच घटक विखुरण्याचा, त्यामुळे अट अवघड होती. तिच्यासाठी टायलर क्लोज यांनी सुचवलेली रचना मोझिलाच्या जेसन ओरेनडॉर्फ यांनी उचलून धरली आणि क्रोम व नोड ज्यावर चालतात त्या व्ही8 इंजिननेही तीच घेतली. तीत नोंदी एकाखाली एक लिहिल्या जातात. प्रत्येक नोंदीजवळ त्याच कप्प्यातल्या दुसऱ्या नोंदीचा पत्ता असतो. घटक काढला तर त्या जागी भोक राहतं आणि पुढच्या मांडणीत ते बुजतं. दोन ब्राउझरांत दोन वेगळे क्रम निघण्यापेक्षा थोडी मेमरी गेली तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते आकार वाढल्यावर. व्ही8मध्ये हा सगळा तक्ता एका सलग अ‍ॅरेत राहतो. तो भरला की दुप्पट मोठा अ‍ॅरे घेऊन सगळ्या नोंदी तिकडे हलवाव्या लागतात आणि तेवढा वेळ जुना-नवा दोन्ही मेमरीत असतात. अ‍ॅरेच्या लांबीलाही मर्यादा आहे. म्हणून 1,67,77,216 घटकांपर्यंत निमूट चालणारा सेट पुढच्या एका घटकाला रेंज एरर देऊन आडवा पडतो. सर्व्हरची रॅम कितीही असो, ही वेस ओलांडता येत नाही.

इथून लोक सी प्लस प्लसकडे वळले. 2011च्या प्रमाणकात त्या भाषेला ‘अनऑर्डर्ड सेट’ मिळाला होता. नावातच क्रमाची जबाबदारी झटकलेली. नोडमध्ये असा सेट अ‍ॅडऑन म्हणून जोडता येतो, आणि 2017मध्ये नोड 8सोबत अ‍ॅडऑनसाठीचा एन-एपीआय हा स्थिर इंटरफेस आल्यापासून नोडची आवृत्ती बदलली की अ‍ॅडऑन नव्याने बांधण्याची कटकटही कमी झाली. नोंदी व्ही8च्या हीपबाहेर राहतात, त्यामुळे गार्बेज कलेक्टरला त्या चाळाव्या लागत नाहीत.

पण हद्दीवर जकात आहे. प्रत्येक विचारणेला जावास्क्रिप्टमधून बाहेर जायचं, स्ट्रिंगची नक्कल करायची, उत्तर घेऊन परत यायचं. ‘कुळकथा’ हा शब्द घ्या: युनिकोडची सहा चिन्हं. व्ही8च्या आत तो 12 बाइटांत मावतो, पण अ‍ॅडऑनने तो यूटीएफ-8मध्ये मागितला की 18 बाइटांची नवी प्रत बनते. एकेक शब्द असा पाठवत बसलात तर आतला सेट कितीही चपळ असला तरी वेळ येण्याजाण्यातच जातो. नोंदी बफरमध्ये भरून एका खेपेत हजारोंनी पाठवल्या, तरच हा खटाटोप परवडतो.

घटक पूर्णांक असतील तर आणखी चांगली वाट आहे. डॅनियल लेमिर आणि सहकाऱ्यांचा रोअरिंग बिटमॅप आकड्यांचे 65,536च्या टप्प्यांत गट पाडतो. गटात 4,096पर्यंत आकडे असले तर त्यांची साधी यादी ठेवतो, जास्त झाले की 8 केबीचा बिटमॅप. आणि 1 ते 10 कोटींमधले ग्राहक क्रमांक नुसते ‘आला की नाही’ एवढ्यापुरते टिपायचे असतील, तर प्रत्येकाला एक बिट धरून साडेबारा एमबीचा टाइप्ड अ‍ॅरे पुरतो. त्याला सी प्लस प्लसची एक ओळ लागत नाही. अ‍ॅडऑन बांधायला बसण्याआधी हे करून पाहा.